जेट एंजिनातील अडलेली हवा

वाफेच्या टरबाइनचे जनक सर चार्ल्स पार्सन्स ह्यांचे नाव यंत्रविद्येच्या इतिहासात अजरामर झाले आहे. १८८४ साली त्यांनी आपले पहिले टरबाइन फिरविले. पुढे १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवानिमित्त स्पिटहेड येथे ब्रिटिश आरमाराचे संचलन भरले असता त्यांची ‘टर्बिनिया’ ही चिमुकली नौका ३४ नॉटांच्या वेगाने प्रचंड युद्धनौकांच्या रांगांमधून सुसाट निघून गेली, आणि नौदलाच्या अधिकाऱ्यांचे डोळे उघडले. ही कथा पुष्कळांच्या वाचनात असेल. परंतु ह्याच पार्सन्सनी आणखी एक यंत्र निर्माण केले, कित्येक वर्षे त्याच्याशी झुंज घेतली आणि अखेरीस हात टेकून ते सोडून दिले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आज ज्याच्या जोरावर जगातील सारी मोठी जेट प्रवासी विमाने आकाशात राहतात, तेच हे यंत्र. त्या यंत्राला ग्रासणारा एक अदृश्य विकार आणि तो ओळखण्यासाठी माणसाला लागलेला दीर्घ काळ, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

टरबाइनची रचना थोडक्यात अशी. एका लांबट पिंपाच्या मधोमध एक दंड. त्या दंडावर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे बसविलेल्या पात्यांच्या ओळी. आणि दर दोन फिरत्या ओळींच्या मध्ये पिंपाच्या आतील अंगाला जखडलेली स्थिर पात्यांची एकेक ओळ. उच्च दाबाची वाफ एका टोकाने आत शिरते, ओळीमागून ओळीतून प्रसरण पावत जाते, जाताजाता फिरत्या पात्यांना रेटते आणि दंड फिरू लागतो. पार्सन्सच्या मनात अगदी आरंभीच असे आले की, हेच यंत्र उलटे चालविले, म्हणजे बाहेरून शक्ती लावून दंड फिरविला, तर ते एका टोकाने हवा ओढून घेईल आणि दुसऱ्या टोकाने ती दाबून बाहेर काढील. हवा दाबणाऱ्या यंत्राला काँप्रेसर म्हणतात, आणि येथे हवा दंडाच्या, म्हणजे अक्षाच्या, दिशेने वाहत असल्यामुळे ह्याला अक्षीय काँप्रेसर असे नाव पडले. १९०१ ते १९०८ ह्या काळात पार्सन्सच्या कारखान्यातून अशी सुमारे ३० यंत्रे बाहेर पडली. परंतु दंडाला दिलेल्या शक्तीपैकी जेमतेम ५५ ते ६० टक्के हवेच्या दाबात उतरत असे. उरलेली वाया जाऊन हवा नुसती तापत असे. सुधारणा करून करून पार्सन्स थकले आणि दुसऱ्या जातीच्या, म्हणजे हवा मध्यातून घेऊन परिघाकडे भिरकावणाऱ्या, केंद्रोत्सारी काँप्रेसरकडे वळले.

वाफेचे टरबाइन इतके यशस्वी व्हावे आणि त्याचेच उलटे रूप असे निकामी ठरावे, हे काय गौडबंगाल होते? आमच्या वाचकांपैकी ज्यांनी बैलगाडीने घाट चढला-उतरला असेल त्यांना ह्याचे मर्म चटकन पटेल. टरबाइनमधली वाफ अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जाते; म्हणजे ती घाट उतरत असते. पाती थोडी वाकडी असली, वाट थोडी अडचणीची असली, तरी ती आपल्या ओढीने पुढे जातेच. काँप्रेसरमधल्या हवेला मात्र कमी दाबाकडून अधिक दाबाकडे, म्हणजे घाट चढून, जावयाचे असते. त्यातही पात्याच्या पृष्ठभागाला घासून जाणारा हवेचा पातळ थर घर्षणाने आधीच मंदावलेला असतो. चढ जरा जास्त झाला की हा थकलेला थर मध्येच थांबतो, मागे फिरतो, आणि सबंध प्रवाह पात्यापासून सुटून भोवऱ्यांत विसकटतो. धावत्या मोटारीच्या खिडकीतून तळहात बाहेर काढून तो हळूहळू तिरपा करीत गेले, तर प्रथम हात वर उचलला जातो. पण एका विशिष्ट तिरपेपणानंतर उचल नाहीशी होते आणि हात नुसता मागे ढकलला जातो. विमानविद्येत ह्या अवस्थेला ‘स्टॉल’ म्हणतात. (जत्रेतल्या दुकानांशी ह्या स्टॉलचा काही संबंध नाही, हे सांगणे नकोच.)

येथे दैवाचा एक विलक्षण खेळ दिसतो. ‘टर्बिनिया’चा पहिला पंखा पाण्यात अपेक्षेइतका वेग देईना, तेव्हा पंख्याच्या पात्यांवर पाण्यात पोकळ्या उत्पन्न होत असल्या पाहिजेत, असा तर्क पार्सन्सनी केला. १८९५ साली त्यांनी काचेची खिडकी असलेली एक छोटी टाकी बनविली, तीत फिरत्या पंख्यावर लुकलुकणारा प्रकाश टाकला आणि त्या पोकळ्या साक्षात डोळ्यांनी पाहिल्या. दोष दिसला आणि तो दूरही झाला. हवेच्या बाबतीत मात्र त्यांना अशी खिडकी लाभली नाही. हवा पारदर्शक, पाती लोखंडी पिंपात बंद आणि वेग भयंकर. पाण्यातला दोष पाहून जिंकणारा हा पुरुष हवेतला दोष न दिसल्यामुळे हरला, असे म्हणण्यास हरकत नाही.

पार्सन्सनी हे यंत्र टाकून दिल्यावर जवळजवळ अठरा वर्षांनी, १९२६ साली, इंग्लंडातील फार्नबरो येथील शाही विमान संशोधन संस्थेत काम करणाऱ्या ॲलन आर्नल्ड ग्रिफिथ ह्यांनी टरबाइनच्या रचनेचा वायुगतिक सिद्धांत मांडणारा एक निबंध सादर केला. पदार्थाला तडा कसा जातो ह्याचे गणित १९२० च्या सुमारास ह्याच ग्रिफिथनी बसविले होते. मोडण्याच्या शास्त्राचे ते आद्य आचार्यच म्हणावयाचे. त्यांचे म्हणणे असे की, आजवरची पाती स्टॉल झालेल्या अवस्थेतच काम करीत आली आहेत. पात्यांमधल्या फटी म्हणजे नुसत्या नळ्या, असे मानणे सोडून द्यावे. प्रत्येक पाते म्हणजे विमानाचा एक लहानसा पंख आहे असे समजून त्याला पंखासारखा आकार आणि पंखासारखाच बेताचा तिरपेपणा द्यावा. पुढील दोन-तीन वर्षांत झालेल्या लहान प्रयोगांनी हा विचार खरा ठरविला. जे यंत्र मृत म्हणून गाडले गेले होते त्यात पुन्हा धुगधुगी आली.

तथापि इतिहास सरळ रेषेत चालत नाही. १९२९ च्या अखेरीस फ्रँक व्हिटल नावाचा एक तरुण वैमानिक अधिकारी आपली झोत-एंजिनाची योजना घेऊन ह्याच ग्रिफिथकडे गेला आणि ग्रिफिथनी त्याच्या गणितातल्या चुका दाखवून त्याला निरुत्साही केले. व्हिटलने जानेवारी १९३० मध्ये पेटंटासाठी अर्ज केला, पुढे केंद्रोत्सारी काँप्रेसरच पसंत केला, आणि १५ मे १९४१ रोजी त्याच्या एंजिनावर पहिले ब्रिटिश जेट विमान उडाले. केंद्रोत्सारी काँप्रेसर जाडजूड आणि बोजड खरा, पण स्वभावाने सोशिक. थोडी चूक पोटात घालणारा. अक्षीय काँप्रेसर सडपातळ, अधिक हवा गिळणारा आणि अधिक कार्यक्षम, परंतु मानी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तोच पत्करला. आन्सेल्म फ्रान्त्स ह्यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या युंकर्स कंपनीच्या ‘युमो ००४’ ह्या एंजिनात आठ टप्प्यांचा अक्षीय काँप्रेसर होता आणि तो हवेचा दाब सुमारे तिपटीने वाढवी. १८ जुलै १९४२ रोजी ‘मेसरश्मिट २६२’ ह्या एंजिनांवर उडाले. त्याच्या वैमानिकांना एक सक्त ताकीद असे: इंधनाचा दांडा हळूहळू पुढे सरकवावा. घाई केली की एंजिन विझावयाचे.

ह्या काँप्रेसरला घाई का सोसत नाही, हे समजण्यासाठी त्याच्या आतील वाटेकडे पाहिले पाहिजे. ती वाट तोंडाशी रुंद आणि शेवटाकडे निमुळती असते, कारण हवा जसजशी दाबली जाते तसतशी तिला जागा कमी लागते. पूर्ण वेगात सारे गणित जुळते. पण एंजिन सुरू होताना वेग कमी असतो. त्यामुळे हवा पुरेशी दाबली जात नाही, फुगलेलीच राहते, आणि पूर्ण दाबलेल्या हवेसाठी बेतलेल्या त्या निमुळत्या शेवटातून तिला जाता येत नाही. मागे वाट तुंबली की पुढच्या पात्यांवर येणारा ओघ मंदावतो. पाती तर आपल्या गतीने फिरतच असतात. म्हणून मंद हवा त्यांच्यावर अधिकाधिक तिरपी आदळते आणि पुढचे टप्पे स्टॉल होतात. म्हणजे रोग शेपटीला आणि ठणका डोक्याला, असा हा प्रकार आहे.

महायुद्धानंतर इंग्लंडातील रोल्स-रॉईस कंपनीने १२ टप्प्यांचा अक्षीय काँप्रेसर असलेले ‘एव्हन’ एंजिन बांधावयास घेतले. ग्रिफिथ १९३९ पासून त्याच कंपनीत होते, आणि ह्या कामाची धुरा स्टॅनली हूकर ह्यांच्याकडे होती. व्हिटलच्या जातीची एंजिने हूकरच्या हातात मेणासारखी वळत. पण १९४७ साली हे नवे एंजिन जेव्हा प्रथम चाचणीस लावले तेव्हा ते सुरूच होईना, सुरू झालेच तर वेग घेईना, आणि वेग घेऊ लागले की पहिल्या ओळीतील पाती मोडून पडत. पाती मोडत होती ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कार्यक्षमता घटणे हा पैशाचा प्रश्न. पण उड्डाणात पाते मोडले तर त्याचा तुकडा मागच्या साऱ्या ओळींचा चुराडा करतो, आणि तेथे प्राणाशी गाठ असते. निव्वळ हवेच्या थपडांनी पोलादाची वा मिश्रधातूची पाती का तुटावीत, ह्याचे उत्तर तेव्हा कोणापाशीही तयार नव्हते.

उत्तर मिळाले ते एका अतिशय बारीक तारेमुळे. केसाहूनही कितीतरी पातळ अशी धातूची तार विजेने तापवून हवेच्या ओघात धरली, तर ओघ वाढताच ती थंड होते आणि ओघ मंदावताच तापते. तापमानाबरोबर तिचा विजेला होणारा विरोध बदलतो, आणि तो बदल पडद्यावर रेषेच्या रूपाने उमटविता येतो. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत क्लीव्हलंड येथील सरकारी प्रयोगशाळेत, कॅलिफोर्नियाच्या तंत्रविद्या संस्थेत आणि हार्वर्ड विद्यापीठात संशोधकांनी अशा तारा काँप्रेसरच्या परिघावर वेगवेगळ्या ठिकाणी बसविल्या. पार्सन्सना न लाभलेली खिडकी ती हीच. त्या खिडकीतून दिसले ते चमत्कारिक होते. स्टॉल झाला म्हणजे एका ओळीतील सारी पाती एकदम निकामी होतात, ही साधारण समजूत होती. प्रत्यक्षात ओळीचा काही भागच स्टॉल झालेला आढळला, बाकीच्या भागातून हवा सुरळीत वाहत होती. आणि तो बिघडलेला भाग एका जागी न राहता चाकाभोवती गोल गोल फिरत होता! एका तारेला जी खूण लागे तीच काही क्षणांश उशिरा दुसरीला लागे, आणि त्या अंतरावरून असे किती भाग आहेत व ते किती वेगाने फिरतात ह्याचा हिशेब मांडता येई. कधी एक, कधी तीन-चार, कधी त्याहूनही अधिक. व्हिटलच्या मंडळींना केंद्रोत्सारी काँप्रेसरच्या मुखाशी असलाच प्रकार आढळल्याची नोंद १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली होती, पण तिचा खरा अर्थ आता उमगला.

हार्वर्डचे हॉवर्ड एमन्स आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९५५ साली ह्या फिरत्या स्टॉलचे जे स्पष्टीकरण प्रसिद्ध केले ते इतके सुबोध आहे की त्याला गणिताची गरजच पडू नये. जत्रेच्या दिवशी देवळाला ओळीने अनेक दारे आहेत आणि लोक तिरप्या दिशेने येऊन त्यांतून आत शिरत आहेत, असे समजा. एका दारात कोणी अडखळले आणि दार तुंबले. तेथली गर्दी दोन्ही बाजूंच्या दारांकडे वळते. एका बाजूच्या दाराशी लोक आता अधिक सरळ येतात, म्हणून ते मोकळे होते. दुसऱ्या बाजूच्या दाराशी ते अधिक तिरपे येऊन रेटारेटी करतात, म्हणून आता तेही तुंबते. ते तुंबले की पहिल्या दारावरचा भार हलका होऊन ते मोकळे होते, आणि अडथळा तिसऱ्या दाराकडे सरकतो. माणसे बदलत राहतात, दारे बदलत राहतात. अडथळा तेवढा कायम राहून पुढे पुढे चालतो. दोन पात्यांमधली फट म्हणजे येथे एकेक दार.

हा अडथळा पात्यांच्या दृष्टीने त्यांच्या फिरण्याच्या उलट दिशेला सरकतो. परंतु बाहेर उभे राहून पाहणाऱ्याला तो चाकाच्याच दिशेने, पण सावकाश, साधारणतः चाकाच्या वेगाच्या २० ते ७० टक्के गतीने, फिरताना दिसतो. हे विधान प्रथम ऐकताना कोड्यासारखे वाटते. पण देवळाभोवती झपाट्याने प्रदक्षिणा घालणाऱ्या मंडळींत एखादे वृद्ध गृहस्थ सारखे मागे पडत असले, तरी प्रदक्षिणा तेही त्याच दिशेने घालीत असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे कोडे सुटते. आणि पाती का मोडत, ह्याचेही उत्तर ह्यातच आहे. हा अडथळा प्रत्येक पात्यावरून सेकंदात अनेक वार ठराविक अंतराने जातो. प्रत्येक वेळी पात्यावरचा भार एकदम उतरतो आणि एकदम चढतो. ह्या ठोक्यांचा ठेका पात्याच्या स्वतःच्या कंपनाशी जुळला की पाते थरथरून थरथरून अखेर बुडाशी तुटते.

रोग कळल्यावर औषधे शोधणे सोपे झाले, किंवा असे म्हणू या की, जी औषधे अंदाजाने दिली जात होती ती का लागू पडतात हे कळले. ‘एव्हन’मध्ये सुरुवातीच्या वेगात जास्तीची हवा मधूनच बाहेर सोडून देणाऱ्या झडपा आणि तोंडाशी कोन बदलणारी मार्गदर्शक पाती बसविण्यात आली. ब्रिस्टल कंपनीच्या ‘ऑलिंपस’ने व अमेरिकेतील प्रॅट अँड व्हिटनीच्या ‘जे ५७’ने काँप्रेसरचे दोन भाग करून त्यांना एकात एक घातलेल्या दोन दंडांवर निरनिराळ्या वेगाने फिरविले, ही दोन्ही एंजिने १९५० साली प्रथम चालली. जनरल इलेक्ट्रिकमध्ये गेर्हार्ट नॉयमान ह्यांनी पुढच्या अनेक ओळींतील स्थिर पातीच कोन बदलणारी केली, आणि त्यातून १७ टप्प्यांचे ‘जे ७९’ निघाले. मला स्वतःला ह्या तिहींत नॉयमानची युक्ती सर्वांत धाडसाची वाटते. एकाच यंत्राच्या शेकडो पात्यांना खुंट्या बसवून ती सारी एका लयीत वळविणे, तेही पुढच्या भागात आणि उड्डाण चालू असताना, हे कारागिरांना वेड लावणारे काम होते.

‘एव्हन’चा संबंध आपल्याशीही आलेला आहे. ‘हंटर’ ह्या लढाऊ विमानात हे एंजिन बसविल्यावर एक नवेच संकट उभे राहिले: उंचावर विमानाच्या तोफा झाडल्या की त्यांचा उष्ण धूर एंजिनाच्या तोंडात जाई आणि काँप्रेसर धक्के देऊ लागे. दुसऱ्या कंपनीचे ‘सफायर’ एंजिन बसविलेल्या ‘हंटर’ला हा त्रास होत नसे. काँप्रेसरची रचना सुधारून आणि तोफा झाडताना इंधन क्षणभर कमी होईल अशी योजना करून ‘एव्हन’चा हा दोष काढण्यात आला, आणि ह्या सुधारलेल्या जातीची ‘हंटर’ विमाने भारतीय वायुदलाने १९५७ पासून घेतली. १८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याहून आलेल्या ‘कॅनबेरा’ विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली आणि बेळगावजवळच्या सांबरा तळावरून निघालेल्या ‘हंटर’ विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. ह्या दोन्ही जातींच्या विमानांत एंजिन ‘एव्हन’च होते. त्या सकाळी गोव्याच्या आकाशात जो गडगडाट झाला त्यामागे चौदा वर्षांपूर्वी सुरूच होईना अशा त्या एंजिनाची ही सारी शुश्रूषा उभी होती. हूकर तोवर रोल्स-रॉईस सोडून ब्रिस्टल कंपनीत गेले होते. तेथे त्यांच्या हाताखाली तयार झालेले ‘ऑर्फियस’ हे अक्षीय एंजिन ‘नॅट’ विमानात आणि १७ जून १९६१ रोजी बंगळूरला प्रथम उडालेल्या ‘मरुत’ विमानातही बसले.

ह्यानंतर प्रश्न सुटला, असे पुष्कळांना वाटले असावे. परंतु फिरता स्टॉल आणि ‘सर्ज’ ह्यांतला भेद अजून नीट उलगडला नव्हता. सर्ज म्हणजे काँप्रेसरने दाबून ठेवलेली सबंध हवाच उलटून पुढून बाहेर पडणे. त्या वेळी तोफेसारखा आवाज होतो, कधी एंजिनाच्या तोंडातून ज्वाळा निघते, आणि क्षणार्धात हवा पुन्हा आत शिरून हाच क्रम चालू राहतो. काही काँप्रेसर अडले की असे उसळत, काही मुकाट्याने फिरत्या स्टॉलमध्ये रुतून बसत. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या ‘एफ १५’ विमानातील ‘एफ १००’ एंजिनाने ह्या दुसऱ्या प्रकाराची भीषणता दाखविली. सर्ज आरडाओरड करतो, पण पुष्कळदा आपोआप निवळतो. रुतलेला स्टॉल मात्र गप्प असतो. हवा कमी, इंधन तितकेच, त्यामुळे मागचे टरबाइन जळण्याच्या बेतास येते, आणि एंजिन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करण्यावाचून वैमानिकापुढे मार्ग उरत नाही. एडवर्ड ग्राइट्झर ह्यांनी १९७६ साली ह्या दोहोंतला निवाडा केला. काँप्रेसरच्या मागे असलेल्या पोकळीचे आकारमान आणि पात्यांचा वेग ह्यांवर सारे अवलंबून आहे, असे त्यांनी दाखविले. पोकळी मोठी व वेग जास्त असेल, तर तीत साठलेल्या हवेचा जोर सगळा प्रवाह उलटविण्यास पुरतो आणि सर्ज होतो. पोकळी लहान वा वेग कमी असेल, तर यंत्र फिरत्या स्टॉलमध्ये अडकून पडते.

ह्याच काळात एक भयंकर अपघात घडला. ४ एप्रिल १९७७ रोजी अमेरिकेत सदर्न एअरवेजचे एक ‘डीसी ९’ विमान जॉर्जिया राज्यावर वादळात सापडले. एंजिनांत पाऊस आणि गारा ह्यांचा लोंढा शिरला व काँप्रेसर अडले. जोर कमी झालेला पाहून दांडे पुढे सरकविले गेले. परंतु अडलेल्या काँप्रेसरला अधिक इंधन म्हणजे बुडणाऱ्याच्या गळ्यात धोंडा. दोन्ही एंजिने आतून उद्ध्वस्त झाली. वैमानिकांनी एका गावच्या रस्त्यावर विमान टेकविण्याचा प्रयत्न केला. विमानातील ८५ पैकी ६३ आणि जमिनीवरील ९ असे ७२ जीव गेले. मानवी स्वभाव असा की, जोर कमी पडला की अधिक जोर लावावा. ह्या यंत्राचा धर्म नेमका उलटा आहे.

पुढे केंब्रिज येथील व्हिटल प्रयोगशाळेत आयव्हर डे आणि त्यांचे सहकारी ह्यांनी स्टॉलचा अगदी पहिला क्षण शोधून काढण्यात वर्षानुवर्षे घालविली. त्यांना त्याची दोन रूपे आढळली. एकात सबंध परिघावर एक मंद लाट आधी उठते आणि चाकाच्या अनेक फेऱ्यांपर्यंत सूचना देत राहते. दुसऱ्यात एक-दोन पात्यांच्या टोकांशी बारीकसा भोवरा अचानक उपजतो आणि चाकाच्या चार-पाच फेऱ्यांत सबंध ओळ व्यापून टाकतो. पहिला पाहुणा निरोप पाठवून येतो, दुसरा दार उघडताच घरात. १९८९ नंतर मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेत पाती क्षणोक्षणी हलवून ती पहिली लाट उठताच मोडण्याचे प्रयोग झाले आणि प्रयोगशाळेत ते यशस्वीही ठरले. प्रत्यक्ष प्रवासी विमानांच्या एंजिनांनी मात्र जुनाच शहाणपणा चालू ठेवला आहे: काँप्रेसरला स्टॉलच्या सीमेपासून काही अंतर राखूनच चालवावयाचे, हवा सोडण्याच्या झडपा आणि वळणारी पाती ठेवावयाची, आणि ते काम गणकयंत्राच्या स्वाधीन करावयाचे. ‘युमो’चे आठ टप्पे मिळून दाब तिप्पट करीत, १९९५ पासून सेवेत असलेल्या ‘जीई ९०’ एंजिनाच्या उच्च दाबाच्या काँप्रेसरचे दहा टप्पे तो सुमारे २३ पट करतात. चढ इतका खडा झाला, तरी घाटाचा कडा होता तेथेच आहे.

२७ डिसेंबर १९९१ रोजी सकाळी स्टॉकहोमच्या आर्लांडा विमानतळावरून स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे एक ‘एमडी ८१’ विमान १२९ जणांना घेऊन उडाले. रात्रभराच्या थंडीत पंखांवर पारदर्शक बर्फाचा थर धरला होता. तो उड्डाणाच्या क्षणी सुटून मागच्या दोन्ही एंजिनांत गेला आणि पुढची पाती वाकली. अर्ध्या मिनिटाच्या आत उजवे एंजिन धडाधड उसळू लागले. वैमानिकाने दांडा थोडा मागे घेतला, हे योग्यच होते. परंतु विमानात एक स्वयंचलित योजना होती, जी जोर घटला असे समजून दांडे परत पुढे सरकवीत होती. ती योजना विमानात आहे, हेच त्या वैमानिकांना ठाऊक नव्हते. एंजिनाचा सर्ज ओळखून तो कसा थांबवावा, ह्याचे शिक्षणही त्यांना मिळालेले नव्हते, असे चौकशी अहवालाने पुढे नमूद केले. थोड्याच वेळात डावे एंजिनही उसळू लागले आणि उड्डाणानंतर सव्वा मिनिटाच्या सुमारास दोन्ही बंद पडली. ढगांतून खाली येताच समोर गॉट्रोरा गावाजवळचे एक शेत दिसले. वैमानिकाने झाडांच्या शेंड्यांना घासत विमान त्या शेतात उतरविले. त्याचे तीन तुकडे झाले, कित्येक जण जखमी झाले. पण १२९ पैकी एकही दगावला नाही.